आपली खेळणारी मुले आणि दुखापतीची पूर्वतपासणी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात यवतमाळ येथे दिलेले व्याख्यान, किंचित विस्ताराने)



संमेलनाच्या ह्या व्यासपीठावरून शिक्षण, हुंडा, विवाहातील अवास्तव खर्च, विद्यार्थी-वसतिगृह अशा विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे आपण आजवर ऐकली आहेत. त्या मालिकेत एका निवृत्त क्रीडाशिक्षकास उभे करून कार्यकारी मंडळाने मजवर जो लोभ दाखविला, त्याबद्दल मी ऋणी आहे. मी वक्ता नव्हे. माझे आयुष्य शिटी वाजविण्यात आणि मैदानावर चुन्याच्या रेघा मारण्यात गेले. तेव्हा भाषेच्या अलंकारांची अपेक्षा कृपया मजकडून करू नये.

विषय मात्र मी मागून घेतला आहे. मंडळाच्या युवक शाखेने मुलामुलींसाठी हँडबॉलचा वर्ग सुरू करण्याचे ठरविले, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या ठरावावरील चर्चेत एका सभासद-बंधूंनी अशी सूचना मांडली की, वर्गात घेण्यापूर्वी प्रत्येक मुलाची शारीरिक तपासणी करावी, ज्यांना दुखापतीचा धोका अधिक दिसेल त्यांची नावे वेगळी काढावीत आणि त्यांस प्रवेश देऊ नये. म्हणजे उद्या कोणाचा गुडघा गेला तर मंडळावर बोल यावयाचा नाही. सूचना सद्हेतूने केलेली होती आणि पुष्कळांनी माना डोलाविल्या. मीही डोलाविली असती. परंतु नेमकी हीच गोष्ट मी स्वतः एकदा करून बसलो आहे आणि तिचे फळ पाहिले आहे. ठराव कायम होण्यापूर्वी ते आपणांस सांगावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल अशा वडील मंडळींसाठी दोन शब्द. हँडबॉल म्हणजे हाताने खेळावयाचा फुटबॉल असे समजावे. चाळीस मीटर लांब व वीस मीटर रुंद मैदान, दोन्ही टोकांस तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच गोल, प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सात खेळाडू. चेंडू हाती घेऊन तीन पावले टाकता येतात. मग तो फेकावा, आपटावा किंवा सोडावा. गोलापुढील सहा मीटरच्या रेषेबाहेरून हवेत झेप घेऊन चेंडू मारावयाचा असतो. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला तेव्हा तो अकरा-अकरा जणांचा व गवतावरचा होता. त्याच बर्लिनमध्ये आपल्या शेजारच्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपल्या देशी खेळांची व कबड्डीची प्रात्यक्षिके करून दाखविली होती, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. सात जणांचा हँडबॉल ऑलिंपिकमध्ये १९७२ साली म्युनिक येथे आला. भारतीय महासंघाची स्थापनाही १९७२चीच. आणि १९८२च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांपासून तो आशियाई खेळांत आहे. आज शालेय स्पर्धांमुळे तो आपल्या तालुक्यातालुक्यांत पोहोचला आहे. वणी, पुसद, दारव्हा, कोठेही जा, शाळेच्या मुरमाच्या पटांगणावर लोखंडी नळ्यांचे दोन गोल उभे दिसण्याचा संभव आहे. जाळी बहुधा नसते. ती दुसरी गोष्ट.

ह्या खेळातील दुखापत बहुतकरून धक्क्याने होत नाही. मुलगी पूर्ण वेगाने धावत येते, समोरच्या खेळाडूस हुलकावणी देण्यासाठी एकदम पाऊल रोवून दिशा बदलते, किंवा उंच झेपेनंतर एका पायावर उतरते. त्या निमिषात गुडघा आतल्या बाजूस वळतो. मांडीचे हाड व नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा एक अस्थिबंध आहे. डॉक्टर त्यास एसीएल म्हणतात. तो तुटतो. कोणी स्पर्शही केलेला नसतो. सारख्याच खेळात मुलांपेक्षा मुलींमध्ये ही दुखापत कित्येक पटींनी अधिक आढळते, आणि तीही ऐन पंधरा ते पंचवीस वयात. शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने व्यायाम, आणि त्यानंतरही उत्तरायुष्यात गुडघ्याच्या झिजेचा धोका शिल्लक राहतो. तेव्हा सूचना करणाऱ्या बंधूंची काळजी पोकळ नाही, हे मी प्रथमच मान्य करतो.

आता माझी गोष्ट. शाळेचे व कोणाचेही नाव मी घेणार नाही. आम्ही मुलींचा संघ उभा करीत होतो. उत्साहाच्या भरात मी कोठेसे वाचलेली एक परीक्षा लावली. गुडघाभर उंचीच्या बाकावरून मुलीने खाली उडी मारावयाची, टेकताक्षणी पुन्हा सरळ वर उसळी घ्यावयाची, आणि उतरताना तिचे गुडघे आत झुकतात काय हे मी पाहावयाचे. ज्यांचे गुडघे झुकले त्यांच्या नावापुढे मी तांबड्या शाईने फुली केली. फुली असलेल्या मुलींना सांगितले, ‘तुमच्या गुडघ्यास धोका आहे, तुम्ही यंदा विश्रांती घ्या.’ चांगल्या भावनेनेच सांगितले. त्यांपैकी एकीची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली आणि तिने हळूच विचारले, ‘गुरुजी, पोरीच्या पायात काही खोट आहे काय? पुढे लग्नाच्या वेळी सांगावे लागेल काय?’ मी तिची समजूत घातली, पण ती पटल्याचे तिच्या चेहऱ्यावर दिसले नाही. त्या मुली पुढच्या वर्षी आल्या नाहीत. त्याच्याही पुढच्या वर्षी आल्या नाहीत. आणि विभागीय स्पर्धेत ज्या मुलीचा गुडघा मोडला, तिच्या नावापुढे माझी फुली नव्हती. तिची उडी मला साऱ्यांत सुरेख वाटली होती.

बराच काळ मी असे समजत होतो की, परीक्षा चांगली होती, माझीच नजर कच्ची पडली. पुढे ह्या विषयावर जे जे मिळेल ते वाचू लागलो तेव्हा कळले की, हेच काम नॉर्वे देशातील संशोधकांनी उत्तम यंत्रे लावून केले आहे. हँडबॉल तेथील मुलींचा फार आवडीचा खेळ, म्हणून हे प्रश्न त्यांना आपल्याआधी पडले. अव्वल दर्जाच्या ७१० महिला हँडबॉल व फुटबॉल खेळाडूंची हीच बाकावरच्या उडीची परीक्षा त्यांनी चित्रण-यंत्रांनी व दाब मोजणाऱ्या पाट्यांनी घेतली, त्यानंतर काही वर्षे त्यांच्या दुखापतींची नोंद ठेवली आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. कोणाचा अस्थिबंध तुटणार हे निवडून काढण्यास ती परीक्षा निरुपयोगी ठरली. त्याच वर्षी त्यांच्यातील ज्येष्ठ संशोधक रोआल्ड बार यांनी एक लेख लिहून स्पष्टच सांगितले की, दुखापतीचे भाकीत करणाऱ्या पूर्वतपासण्या आजवर उपयोगी ठरलेल्या नाहीत आणि पुढेही बहुधा ठरणार नाहीत.

हे असे का, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण येथेच आपली सर्वांची समजूत फसते. धान्य चाळताना खडा आणि दाणा यांच्या आकारात स्पष्ट फरक असतो, म्हणून चाळणी काम करते. मुलांच्या गुडघ्यांत असा फरक नसतो. ज्यांना पुढे दुखापत झाली त्यांचे सरासरी मोजमाप आणि ज्यांना झाली नाही त्यांचे सरासरी मोजमाप यांत थोडेसे अंतर आढळते, हे खरे. परंतु दोन्ही राशी एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की, कोठेही रेघ ओढली तरी दोन्हीकडे दोन्ही प्रकारची मुले येतात. एक कल्पित हिशेब करू. समजा शंभर मुली आहेत आणि हंगामात त्यांपैकी चौघींचे गुडघे दुखावणार आहेत. समजा आपली परीक्षा बरीच चांगली आहे. तिने चारांपैकी तिघी ओळखल्या, आणि उरलेल्या शहाण्णवांपैकी तीस जणींवर चुकून बोट ठेवले. यादीत तेहतीस नावे झाली. त्यांतील तिसांना काहीच होणार नव्हते. चौथी, जिला व्हावयाचे होते, ती बाहेर निर्धास्त खेळते आहे. तेहतीस घरांत मात्र चिंता शिरली.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन व युंगनर ह्या दोघांनी १९६८ साली पूर्वतपासणीचे नियम लिहिले, ते आजही प्रमाण मानतात. त्यांचा आशय एवढाच की, शोधून काढल्यानंतर करावयाचा उपाय हाती असल्याखेरीज आणि परीक्षा पारखून घेतल्याखेरीज निरोगी दिसणाऱ्या माणसास तपासू नये. मुलीला घरी बसविणे हा उपाय नव्हे.

नॉर्वेतील मुलीस ‘तुला धोका अधिक’ असे सांगितले तर ती एखाद्या तज्ज्ञाकडे जाते, चार व्यायाम शिकते आणि पुन्हा मैदानावर येते. आपल्या जिल्ह्यातील मुलीस तेच वाक्य सांगितले तर तिचा खेळ संपतो. मुलगा असेल तर कदाचित बाप म्हणेल, ‘बघू’. मुलगी असेल तर विषय मिटला. म्हणजे चुकीच्या फुलीची जी किंमत तेथे रुपया आहे ती येथे शंभर आहे. परदेशातील एखादी परीक्षा उचलून आणताना हा फरक आपण विसरतो.

मग काही करूच नये काय? तसे नाही. करावयाचे पुष्कळ आहे, फक्त ते निवडक मुलांसाठी न करता सर्वांसाठी करावयाचे आहे. ह्याच नॉर्वेत २००५ साली एका प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. १२० हँडबॉल क्लबांतील पंधरा ते सतरा वर्षे वयाची १,८३७ मुलेमुली घेतली. कोणाचीही पूर्वतपासणी केली नाही. निम्म्या क्लबांना चिठ्ठ्या टाकून निवडले व तेथील मुलांना सरावापूर्वी पंधरा ते वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम शिकविला; उरलेल्यांनी नेहमीप्रमाणे सराव केला. हंगामाअखेर गुडघ्याच्या व घोट्याच्या आकस्मिक दुखापती मोजल्या. नेहमीच्या सरावाच्या गटात ८१ निघाल्या, व्यायाम केलेल्या गटात ४८. त्याआधी तेथील मोठ्या महिला खेळाडूंमध्ये १९९८ ते २००१ ह्या तीन हंगामांत एसीएलच्या दुखापती मोजल्या होत्या. पहिल्या हंगामात नुसती नोंद ठेवली, २९ दुखापती झाल्या. पुढील दोन हंगामांत व्यायाम सुरू केल्यावर २३ आणि मग १७. खेळाडूंची संख्याही थोडी घटली होती आणि आकडे लहान आहेत, म्हणून त्यावर फार मोठा इमला रचू नये. परंतु ज्यांनी व्यायाम नेमाने केला त्यांस लाभ अधिक झाला, एवढे त्यातून दिसले.

तो व्यायाम ऐकून तुम्हांला हसू येईल, इतका तो साधा आहे. हलके धावणे, आडवे धावणे, मागे धावणे. पाऊल रोवून दिशा बदलताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवणे. उडी मारून दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरणे. एका पायावर तोल सांभाळीत जोडीदाराशी चेंडूची देवाणघेवाण करणे. तेथे त्यासाठी रबरी गाद्या असतात, आपण घडी घातलेले गोणपाट वापरू. बैठका. आणि गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे धरून ठेवले असता, शरीर ताठ ठेवीत हळूहळू पुढे झुकणे. आखाड्यातल्या कोणत्याही जुन्या वस्तादाने हे पाहिले तर तो म्हणेल, ह्यात नवे ते काय? नवे एवढेच की, ते रोज, प्रथम आणि सर्वांनी करावयाचे. आपल्याकडे होते काय की, मुले उशिरा येतात, अंधार पडावयाचा असतो, आणि शिक्षक शिटी वाजवून एकदम सामना लावतो. मीही लावलेला आहे.

खांद्याविषयी एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या स्पर्धांच्या पद्धतीशी जोडलेली आहे. डेन्मार्कमध्ये ६७९ तरुण हँडबॉलपटूंवर ३१ आठवडे लक्ष ठेवले आणि २०१७ साली असे प्रसिद्ध झाले की, एखाद्या आठवड्यात खेळण्याचे तास मागील काही आठवड्यांच्या सरासरीपेक्षा ६० टक्क्यांहून अधिक वाढले की खांद्याच्या दुखापती वाढतात. ज्यांच्या खांद्याचे स्नायू दुबळे, त्यांना ह्याहून कमी वाढही सोसत नाही. आता आपल्याकडचा क्रम पाहा. जूनपासून ऑगस्टपर्यंत पाऊस. काळ्या मातीच्या मैदानावर पाय टाकता येत नाही. मुले आठवड्याला जेमतेम दोन तास खेळतात. मग एकाएकी तालुका स्पर्धा, पाठोपाठ जिल्हा, त्यात जिंकले की अमरावती विभाग, आणि त्यापूर्वी आठ दिवसांचे शिबिर, सकाळ-संध्याकाळ. दोनाचे बारा तास होतात. साठ टक्क्यांची गोष्ट कोठे आणि सहापट कोठे! जिंकलेल्या संघाचीच मुले खांदा धरून बसतात, ह्यात दैवाचा दोष नाही. पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात का होईना, भिंतीवर चेंडू मारण्याचा सराव चालू ठेवावा आणि सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून ती ओढण्याचा व्यायाम करावा. ह्यासाठी कोणत्याही यंत्राची जरूर नाही.

चेंडूचेही तसेच. सोळा वर्षांवरील मुलांचा चेंडू ५८ ते ६० सेंटिमीटर घेराचा व ४२५ ते ४७५ ग्रॅम वजनाचा असतो. चौदा वर्षांवरील मुली व बारा ते सोळा वर्षांची मुले यांचा ५४ ते ५६ सेंटिमीटर व ३२५ ते ३७५ ग्रॅम. त्याहून लहानांचा ५० ते ५२ सेंटिमीटर व २९० ते ३३० ग्रॅम. शाळेकडे एकच चेंडू असतो, तो मोठा असतो, आणि सातवीतली मुलगी तो तळहातात मावत नसताना खांद्याच्या जोरावर भिरकावते. मंडळाने तपासणीसाठी जी रक्कम राखून ठेवण्याचे मनात आणले आहे, तिच्यातून तिन्ही मापांचे चेंडू घ्यावेत अशी माझी विनंती आहे. दोन्ही गोल जमिनीत पक्के पुरून घ्यावेत. नुसता टेकवून ठेवलेला लोखंडी गोल मुलाने लोंबकळताच अंगावर येतो; ही दुखापत ओळखण्यास कोणत्याही शास्त्राची गरज नाही.

आता तपासणीच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे येतो. काही गोष्टी विचारल्याच पाहिजेत, कारण त्यांवर उपाय आहे. पहिली, पूर्वी झालेली दुखापत. ज्याचा घोटा अगर गुडघा एकदा दुखावला आहे त्यास पुन्हा दुखापत होण्याचा संभव अधिक, ही गोष्ट सर्वत्र सिद्ध झालेली आहे, आणि ती कळण्यास एक प्रश्न पुरतो. अट एवढीच की, मुलाला खरे सांगण्याची भीती वाटता कामा नये. ‘सांगितले तर संघातून काढतील’ हे त्याला ठाऊक असेल, तर तो लंगडत येईल आणि काही झाले नाही म्हणेल. म्हणजे वगळण्याचा नियम केला की सर्वांत उपयोगी माहिती आपण आपल्याच हाताने बंद करतो. दुसरी, धावताना चक्कर येणे, शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे. अशा मुलाने आधी डॉक्टरांकडे जावे, ह्यात तडजोड नाही. तिसरी, रक्ताची कमतरता. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत ती आढळली आहे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली दप्तराच्या कप्प्यात साठवितात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

चौथी गोष्ट सिकलसेलची. तिच्यासाठी मी थोडा अधिक वेळ मागतो.

विदर्भात हा आजार आहे हे वैद्यकशास्त्रास काल-परवा कळले असे नाही. नागपूरचे डॉ. शुक्ल व डॉ. सोलंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ ह्या विलायती नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले होते. तो केवळ कोलाम, गोंड ह्या आदिवासी बांधवांचा आजार आहे ही समजूत खोटी आहे; विदर्भातील अनेक बिगर-आदिवासी समाजांतही तो आढळतो, आणि ‘आमच्यात नाही’ असे तपासल्यावाचून म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. आईकडून किंवा बापाकडून एकाच बाजूने हा गुण आला तर मूल वाहक होते. ते एरवी निरोगी असते, शाळेत जाते, शेतात राबते, आयुष्य पुरे करते. दोन्ही बाजूंनी आला तर मूल रुग्ण होते. त्याला सांधेदुखी, कावीळ, वारंवार रुग्णालय असे भोग येतात आणि त्याने किती व कसे खेळावे हे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

खेळाच्या दृष्टीने प्रश्न वाहकांचा. अमेरिकेच्या सैन्यात १९७७ ते १९८१ ह्या काळात भरती झालेल्या सुमारे वीस लाख जवानांची नोंद तपासली, तेव्हा कृष्णवर्णीय जवानांपैकी जे वाहक होते त्यांच्यात प्रशिक्षणकाळातील आकस्मिक मृत्यूचे प्रमाण वाहक नसलेल्यांपेक्षा सुमारे २८ पट आढळले. आकडा भयंकर वाटतो. पण प्रत्यक्षात तो लाखात सुमारे ३२ एवढा होता. हे १९८७ साली प्रसिद्ध झाले. पुढे तेथील सैन्याने एक नियम केला: वाहक असो वा नसो, सर्वांना उन्हात हळूहळू सराव द्यावयाचा, पाणी व विश्रांती सक्तीने द्यावयाची, आणि कोणी कोसळला तर ती धांदल नव्हे, संकट समजावयाचे. २०११ ते २०१४ ह्या काळातील ४७,९४४ कृष्णवर्णीय सैनिकांची नोंद तपासून २०१६ साली असे प्रसिद्ध झाले की, वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांहून अधिक राहिलेले नाही. अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा एक विकार मात्र त्यांच्यात अजूनही दीडपट आढळला. तेव्हा सावध राहावयाचेच. परंतु पाहा, येथेही जीव वाचविले ते वगळण्याने नव्हे, सर्वांसाठी केलेल्या व्यवस्थेने.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि नेमकी तेव्हाच सुटीची शिबिरे भरतात. मंडळाच्या शिबिरात सकाळी आठनंतर मैदानावर कोणी राहू नये. पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून धावण्याच्या शर्यती घेऊ नयेत. पाण्याची घागर मैदानाच्या कडेला असावी आणि पाणी पिण्यास परवानगी मागावी लागू नये. ‘खेळाडूने तहान मारावी’ हे आमच्या पिढीचे तत्त्वज्ञान मी तरी मागे घेतले आहे. एखादे मूल पाय गळून खाली बसले, शुद्धीवर आहे पण उठवत नाही म्हणाले, तर त्यास ‘नाटक करू नको’ म्हणणारा शिक्षक त्याचा घात करील. तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि वाहक असल्याचे घरी ठाऊक असेल तर डॉक्टरांना सांगावे.

हे घरी ठाऊक व्हावे म्हणून रक्त तपासून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शालेय मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथून सुरू झाला. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले व त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी योजिली आहे. बोटाच्या रक्ताची विद्राव्यता चाचणी प्रथम होते. तीत दोष दिसला तर दुसरी, अधिक नेमकी परीक्षा केल्यावाचून वाहक की रुग्ण हे कळत नाही. पहिल्या चाचणीचा कागद पाहून घरात रडारड करू नये.

आणि आता जे बोलतो ते पदाधिकाऱ्यांनी राग न मानता ऐकावे. ही तपासणी मंडळाने करू नये, आणि तिचा निकाल मंडळाच्या कोणत्याही वहीत असू नये. आपले मंडळ वधूवर-सूचीही छापते. एकाच कपाटात एका कप्प्यात मुलांच्या रक्ताचे कागद आणि दुसऱ्या कप्प्यात विवाहेच्छूंचे अर्ज, ही कल्पना मला अस्वस्थ करते. आपण सारे सज्जन आहोत, तथापि कपाटाची किल्ली दर तीन वर्षांनी बदलते. वाहक मुलीचे लग्न वाहक नसलेल्या मुलाशी झाले तर त्यांचे एकही मूल रुग्ण होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारांत एक असा संभव असतो. म्हणजे ही गोष्ट एकट्या मुलीची ‘खोट’ कधीच नसते, ती दोघांनी मिळून पाहावयाची असते. ती त्या दोन घरांनी, डॉक्टरांच्या समक्ष, आपापसांत पाहावी. क्रीडावर्गाच्या अर्जावर तिचा रकाना नको. माझ्या तांबड्या फुलीने एका आईच्या मनात जी शंका पेरली ती उपटण्यास मला पुढे अनेक वर्षांत यश आले नाही. मंडळाच्या शिक्क्याची फुली त्याहून खोल जाईल.

माझी मूर्त सूचना अशी आहे. मूळ ठरावातील ‘धोका असलेल्यांस प्रवेश देऊ नये’ हे शब्द गाळावेत. त्या जागी, वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने पहिली वीस मिनिटे नेमलेला व्यायाम करावा, आणि जो शिक्षक तो टाळील त्यास मंडळाने जाब विचारावा, असे घालावे. पूर्वीची दुखापत विचारावी, लिहून ठेवावी, आणि त्या मुलास काढून न टाकता हळूहळू खेळात आणावे. दुखापत झाल्यास उपचाराच्या खर्चासाठी मंडळाने लहानसा निधी बाजूस ठेवावा. बोल येऊ नये म्हणून मुले वगळण्यापेक्षा बोल आला तर उत्तर देण्याची तयारी ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

व्यायाम शिकविण्याचे काम मी स्वतः, प्रकृती साथ देईल तोवर, रविवारी सकाळी साडेसहा वाजता विनामूल्य करीन. मुलींच्या माता बरोबर आल्या तर फारच उत्तम. बसण्यासाठी सतरंजी टाकू. आणि ज्यांच्या घरी सायकलच्या जुन्या ट्यूबा पडून असतील त्यांनी त्या फेकून न देता माझ्याकडे पोहोचवाव्यात. निदान चाळीस लागतील.